अतिमानवांची दोन घराणी

सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांची झुंज लागली तर जिंकेल कोण, असा प्रश्न शाळकरी मुले एकमेकांस घालीत असतात, आणि वडीलधारी मंडळी तो पोरकटपणा म्हणून सोडून देतात. वस्तुतः ही झुंज लागून गेलेली आहे. १९७६ साली न्यूयॉर्कच्या दोन प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थांनी मिळून एक मोठ्या आकाराचे चित्रकथेचे पुस्तक काढले. त्यात हे दोघे वीर गैरसमजापायी काही पाने एकमेकांस बडवतात, मग खरे काय ते ध्यानी येते आणि दोघे मिळून दोन्हीकडच्या खलपुरुषांचा समाचार घेतात. कोणीच हरत नाही. हरणार तरी कसा? दोन्ही मालकांना आपापला माल दुसऱ्या दिवशीही विकावयाचा होता!

तेव्हा जिंकेल कोण हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवतो. एकाच देशात, एकाच शहरात, एकाच धंद्यात वाढलेली ही दोन घराणी, एक डीसी आणि दुसरे मार्व्हल, इतकी निरनिराळी का झाली? आणि छापील पानावर एकाचे, दूरचित्रवाणीवर दुसऱ्याचे आणि रुपेरी पडद्यावर आळीपाळीने दोघांचे पारडे जड का झाले? आमच्या मते याचे उत्तर वीरांच्या दंडात शोधण्यापेक्षा मालकांच्या खतावणीत शोधलेले बरे.

घराणे हा शब्द आपण गायकीमुळे ओळखतो. तो येथे वापरताना एक फरक मात्र सांगून ठेवला पाहिजे. गायकीचे घराणे गुरूच्या नावाने आणि गळ्याने चालते. ही घराणी मालकाच्या नावाने चालली, आणि गळा कोणाचा होता हे ठरविण्यात न्यायालयांची कित्येक वर्षे गेली. आणखी एक खुलासा. १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून आपल्याकडे आलेला वेताळ या दोहोंपैकी कोणाचाच नव्हे. तो ली फॉक यांनी १९३६ साली वर्तमानपत्रांसाठी निर्माण केलेला, तिसऱ्याच पेढीचा वीर.

आता मूळ कथेकडे वळू. ओहायओ प्रांतातील क्लीव्हलँड गावात जेरी सीगल नावाचा लेखक आणि जो शुस्टर नावाचा चित्रकार, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली दोन तरुण मुले, सुपरमॅनची कल्पना घेऊन कित्येक वर्षे दारोदार हिंडत होती. अखेर १९३८ साली ती 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' या दहा सेंटच्या मासिकाच्या पहिल्या अंकात छापली गेली. तेरा पानांचे, पानास दहा डॉलर याप्रमाणे, एकशे तीस डॉलर दोघांस मिळाले आणि त्याबरोबर सुपरमॅन कायमचा प्रकाशकाचा झाला. हे १३० डॉलर वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्यांचे काम पडणार आहे. वर्षभरात, १९३९ साली, त्याच पेढीच्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मधून बॅटमॅन आला. याच मासिकाच्या आद्याक्षरांवरून पुढे त्या घराण्याचे नाव डीसी पडले. १९४१ च्या अखेरीस मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी वंडर वूमन दिली. तीन वर्षांत तीन हुकमी पात्रे हाती आली.

मालकी किती कडकपणे राखली जाई याचे एकच उदाहरण देतो. १९४० साली फॉसेट नावाच्या प्रकाशकाने कॅप्टन मार्व्हल नावाचा वीर काढला. 'शझॅम' हा मंत्र उच्चारताच एक पोरगा बलाढ्य पुरुष होई. हा वीर एके काळी सुपरमॅनपेक्षाही अधिक खपू लागला. लागलीच सुपरमॅनच्या मालकांनी नक्कल केल्याचा दावा लावला. तो दशकभर रेंगाळला आणि १९५३ साली फॉसेटने तडजोड करून वीर मिटवून टाकला. गंमत पुढेच आहे. नाव मोकळे पडलेले पाहून १९६७ साली मार्व्हलने स्वतःचा निराळा कॅप्टन मार्व्हल काढून ते नाव अडकवले. १९७२ साली डीसीने जुन्या वीराचे हक्क भाड्याने घेतले, तेव्हा त्याचेच नाव मासिकावर छापण्याची त्यांस सोय उरली नव्हती. म्हणून मासिकाचे नाव 'शझॅम' ठेवावे लागले. २०१९ च्या मार्चमध्ये मार्व्हलचा 'कॅप्टन मार्व्हल' आणि एप्रिलमध्ये डीसीचा 'शझॅम' असे दोन चित्रपट पाठोपाठ आले. प्रेक्षकांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की हे एकाच नावावरून झालेल्या भांडणाचे दोन वारस होते!

मार्व्हलची मूळ पेढीही १९३९ चीच. मार्टिन गुडमन हे तिचे मालक. हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावणारा कॅप्टन अमेरिका जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी तेथेच काढला; तो अंक अमेरिका युद्धात उतरण्याच्या वर्षभर आधी विक्रीस आला होता. युद्ध संपले आणि वीरांचा खप ओसरला. १९५४ साली चित्रकथांनी मुले बिघडतात म्हणून सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी भीतीपोटी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. हे प्रकरण मोठे आहे, पण आमच्या विषयास त्यातले एवढेच हवे, की धंदा खालावला. आणि मग १९५७ साली गुडमन यांच्यावर खरे संकट आले. त्यांची मासिके देशभर पोहोचविणारी वितरण कंपनी हे काम सोडून बसली. आता माल दुकानात न्यायचा कोणी? शेवटी ज्या वितरण संस्थेकडे जावे लागले, ती डीसीच्याच मालकांची होती. तिने अट घातली: महिन्यास आठ मासिके, अधिक नाही. साठाच्या दशकाच्या अखेरीपर्यंत मार्व्हलची गाडी अशी प्रतिस्पर्ध्याच्याच बैलांनी ओढली.

आमच्या मते पुढची सारी करामत या आठ मासिकांच्या बेडीतून निघाली. दुसऱ्या बाजूस सुबत्ता होती. डीसीकडे प्रत्येक वीराला स्वतंत्र मासिक, स्वतंत्र संपादक, स्वतःचे काल्पनिक शहर: सुपरमॅनचे मेट्रोपोलिस, बॅटमॅनचे गॉथम. एका संपादकाच्या अंगणातले दुसऱ्यास फारसे ठाऊक नसे. १९६० साली त्यांनी सगळ्या वीरांचा मिळून 'जस्टिस लीग' हा संघ काढला. तो खपतो आहे हे पाहून गुडमन यांनी आपल्याकडेही तसा एखादा संघ काढावयास सांगितले, असे त्यांचे संपादक स्टॅन ली सांगत असत. ली आणि कर्बी यांनी १९६१ साली 'फँटास्टिक फोर' काढले. या चौघांची ओळख गुप्त नव्हती, पहिल्या अंकात त्यांना गणवेश नव्हता, आणि ते एकमेकांशी एखाद्या वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंसारखे भांडत. पुढच्या दोनच वर्षांत हल्क, थॉर, स्पायडरमॅन, आयर्न मॅन, एक्स-मेन ही मंडळी आली. मासिके मोजकी, लिहिणारा हात बहुधा एकच, म्हणून एका कथेतला माणूस दुसऱ्या कथेत सहज डोकावू लागला. शिवाय सगळे राहणार कोठे? खऱ्या न्यूयॉर्कमध्ये. या कथेतला धूर त्या कथेतल्या खिडकीतून दिसावा, इतका शेजार. ज्याला आज 'विश्व' असे भारदस्त नाव मिळाले आहे, त्याचा पाया हा असा जागेच्या टंचाईत घातला गेला.

ली, कर्बी आणि स्टीव्ह डिटको यांची कामाची रीतही टंचाईतलीच. ली यांना इतक्या पटकथा लिहिण्यास सवड नसे. ते कथासूत्र तोंडी किंवा थोडक्यात सांगत, चित्रकार पानेच्या पाने रचून आणी, आणि ली त्यात संवाद भरीत. काम झपाट्याने उरके. पण कथा रचली कोणी, लेखकाने की चित्रकाराने, हा वाद या रीतीतूनच जन्मला आणि तो आजही मिटलेला नाही.

स्पायडरमॅन येथे थोडा वेळ थांबण्याच्या योग्यतेचा आहे. १९६२ साली ली आणि डिटको यांनी तो काढला. पुढल्या वर्षी त्याचे स्वतंत्र मासिक निघाले, त्याच्या पहिल्याच अंकात हा पोरगा पैशाच्या विवंचनेत आहे. चुलता वारलेला, चुलतीला घरभाडे भरता येत नाही. तो खेळ करून चार पैसे मिळवतो, तेव्हा धनादेश मिळतो तो 'स्पायडरमॅन' या नावाचा, आणि पेढीवरचा कारकून ओळखीचा कागद मागतो! मुखवटा हीच ज्याची ओळख त्याने कागद आणावा कोठून? धनादेश वटत नाही. मग तो फँटास्टिक फोरकडे नोकरी मागावयास जातो. पगार मिळत नाही हे कळल्यावर परत फिरतो. सुपरमॅनवर असा प्रसंग येण्याची कल्पनाच करवत नाही. तो वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी करतो खरा, पण ती वेषांतरासाठी. घरमालकाच्या भीतीने नव्हे. डीसीचे वीर संकटाशी झगडतात, मार्व्हलचे वीर संकटाशी झगडून घरी येतात आणि तेथे दुसरे संकट दारात उभे असते. म्हणूनच स्पायडरमॅन परमुलखातही रुजतो. २००४ साली त्याची भारतीय आवृत्ती निघाली. तिचा नायक पवित्र प्रभाकर मुंबईत राहणारा, धोतरासारखा वेष केलेला. हाच पवित्र २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटात 'मुंबॅटन' नावाच्या, मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या सरमिसळ नगरात दिसला, आणि तो चित्रपट मराठीतूनही प्रदर्शित झाला.

छापील पानावर साठाच्या दशकात मार्व्हलने बाजी मारली असे आम्ही म्हणतो ते यासाठी. मात्र पानाबाहेर डीसीचेच राज्य होते. सुपरमॅन १९४० साली नभोवाणीवर गेला. त्याला हतबल करणारा क्रिप्टोनाइट हा दगड मासिकातला नव्हे, १९४३ च्या नभोवाणी मालिकेतला; मासिकात तो मागाहून आला. १९५२ पासून जॉर्ज रीव्हज यांची दूरचित्रवाणी मालिका, १९६६ पासून अ‍ॅडम वेस्ट यांचा मिस्कील बॅटमॅन, आठवड्यातून दोनदा. पुढे २००१ पासून दहा वर्षे चाललेली 'स्मॉलव्हिल'. १९९२ ची बॅटमॅनची व्यंगपट मालिका तर आमच्या मते या साऱ्यांत उजवी. जोकरची साथीदार हार्ली क्विन तिच्यात प्रथम दिसली आणि इतकी आवडली की छापील मासिकात तिला मागून जागा करून द्यावी लागली. दूरचित्रवाणीला दर आठवड्यास पुरी होणारी कथा लागते, आणि आपल्या शहरात एकटा पुरून उरणारा वीर डीसीकडे आयताच होता. मार्व्हलच्या वीरांपैकी त्या काळी छोट्या पडद्यावर मोठे यश मिळाले ते १९७७ च्या अखेरीस आलेल्या हल्कला. तोही शेजाऱ्यांपासून तोडून, एकटा वाटसरू करूनच दाखवावा लागला.

चित्रपटातही प्रथम हेच झाले. १९६९ च्या सुमारास डीसी आणि वॉर्नर ब्रदर्स एकाच मालकाच्या छत्राखाली आल्यावर वीर घरचे आणि चित्रशाळाही घरची. १९७८ चा रिचर्ड डोनर यांचा 'सुपरमॅन', १९८९ चा टिम बर्टन यांचा 'बॅटमॅन', २००८ चा ख्रिस्टोफर नोलन यांचा 'द डार्क नाइट': प्रत्येक वेळी एका दिग्दर्शकाच्या हाती एक वीर दिला गेला आणि इतरांचे ओझे त्याच्या पाठीवर टाकले गेले नाही.

इकडे मार्व्हलने १९९६ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. घर चालविण्यासाठी दागिने मोडावेत तसे वीरांचे चित्रपटहक्क परक्यांकडे गेले होते किंवा जात होते: एक्स-मेन आणि फँटास्टिक फोर फॉक्सकडे, स्पायडरमॅन सोनीकडे. २००० आणि २००२ साली त्यांचे चित्रपट तुफान चालले, पण नफ्याचा मोठा वाटा परक्याच्या तिजोरीत. तेव्हा २००५ साली मार्व्हलने मोठे धाडस केले. कॅप्टन अमेरिका, डॉक्टर स्ट्रेंज, ब्लॅक पँथर अशा १० उरलेल्या पात्रांचे चित्रपटहक्क तारण ठेवून साडेबावन्न कोटी डॉलरांपर्यंतच्या कर्जाची सोय केली आणि स्वतः चित्रपट काढण्याचे ठरविले. चित्रपट पडले असते तर तीही पात्रे गेली असती. परक्या चित्रसंस्थेकडे गेलेला आयर्न मॅन त्याच सुमारास परत मिळाला होता. मासिकाच्या वाचकांपलीकडे त्याला ओळखणारे फारसे नव्हते.

२००८ साली 'आयर्न मॅन' आला. शेवटची श्रेयनामावली सरकल्यावर एक माणूस येऊन नायकास सांगतो, की या जगात तू एकटा नाहीस. हुकमी पात्रे परक्यांकडे असल्यामुळे उरलेल्यांना एकमेकांच्या आधाराने उभे करणे भाग होते, आणि ती कला या घराण्यास १९६१ पासून अवगत होती. म्हणजे जुन्या टंचाईत शिकलेला धडा नव्या टंचाईत उपयोगी पडला. २००९ साली डिस्नेने मार्व्हल सुमारे ४०० कोटी डॉलरांस विकत घेतले. २०१२ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये सारे एकत्र आले, आणि २०१९ चा 'एंडगेम', त्या माळेतला बाविसावा चित्रपट, जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर मिळवून गेला.

हे पाहून डीसीच्या मालकांना घाई झाली. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'नंतर चारच वर्षांत त्यांनी 'जस्टिस लीग' पडद्यावर आणली. तिच्यातल्या फ्लॅश, अ‍ॅक्वामॅन आणि सायबॉर्ग यांची प्रेक्षकांशी धड ओळखही झालेली नव्हती. दिग्दर्शक झॅक स्नायडर मध्येच बाजूला झाले, दुसऱ्याने चित्रपट पुरा केला, आणि पहिल्याची आवृत्ती २०२१ साली निराळी दाखवावी लागली. शेजाऱ्याचा वाडा पाहून आपले चार बंगले भिंती पाडून जोडावेत, तसा हा प्रकार. याच काळात त्यांचे चांगले चित्रपट कोणते? २०१७ चा 'वंडर वूमन' आणि २०१९ चा 'जोकर'. एकाच पात्राशी इमान राखणारे. 'जोकर'ला तर व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला.

मार्व्हलचे पक्षपाती येथे खूश होतील, म्हणून त्यांच्याही ताटात थोडे वाढतो. टंचाई संपल्यावर त्यांचीही कला उतरली. २०१९ साली डिस्नेने फॉक्स घेतल्यामुळे गेलेली पात्रे परत आली. २०२१ या एका वर्षात चार चित्रपट आणि पाच मालिका आल्या. २०२३ च्या 'द मार्व्हल्स'मधील तीन नायिकांपैकी दोघींची ओळख ज्यांनी मालिका पाहिल्या त्यांनाच होती. इतक्या गृहपाठानंतर तिकीट काढणार कोण? त्या माळेत तोपर्यंत सर्वांत कमी उत्पन्न याच चित्रपटाचे झाले. आणि डीसीने २०२२ साली आपल्या चित्रपटांची सूत्रे ज्या दोघांच्या हाती दिली, त्यांतले एक म्हणजे मार्व्हलचे 'गार्डियन्स' काढणारे जेम्स गन. त्यांचा 'सुपरमॅन' २०२५ साली आला. घराणी वेगळी असली तरी कारागीर इकडून तिकडे जातच असतात.

कारागिरांचे नाव निघाले, तेव्हा आता त्या १३० डॉलरांकडे. सुपरमॅनच्या पहिल्या अंकावर सीगल आणि शुस्टर यांची नावे होती. १९४७ साली त्यांनी हक्कासाठी दावा लावला, आणि त्यानंतर तीही पुसली गेली. १९७५ साली, मोठ्या चित्रपटाची तयारी चालू असताना, दोघांच्या हलाखीचा बोभाटा झाला. चित्रकारांनी त्यांची बाजू उचलून धरली. तेव्हा कंपनीने प्रत्येकी वर्षास २० हजार डॉलर निवृत्तिवेतन आणि नावे परत दिली. बॅटमॅनचे श्रेय बॉब केन या एकट्या चित्रकारास मिळत राहिले. त्याच्या वेषापासून गॉथमच्या नावापर्यंत ज्यांनी घडविले ते लेखक बिल फिंगर १९७४ साली वारले, आणि त्यांचे नाव अधिकृतपणे जोडले गेले २०१५ साली. तिकडे कर्बी १९७० साली मार्व्हल सोडून डीसीकडे गेले. स्वतः काढलेली मूळ चित्रे परत मिळविण्यासाठी त्यांना जुन्या पेढीशी कित्येक वर्षे झगडावे लागले. त्यांच्या वारसांशी मार्व्हलने तडजोड केली २०१४ साली, कर्बी यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. या एका बाबतीत दोन घराण्यांत तुलना करण्याजोगे काही नाही.

नाही म्हणावयास मालकीच्या कामी त्यांची एकी पहिल्यापासून चांगली होती. 'सुपर हिरो' हा शब्दच दोघांनी मिळून व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतला होता, म्हणजे तिसऱ्याने तो वापरू नये! २०२४ साली एका लहानशा प्रकाशकाने आव्हान दिल्यावर ती नोंद रद्द झाली. त्याच वर्षी 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत लिलावात ६० लक्ष डॉलरांस गेली. आणि ज्या धनादेशात ते १३० डॉलर होते, तो कागदाचा तुकडा २०१२ साली एक लक्ष ६० हजार डॉलरांस विकला गेला होता.

अमेरिकन कायद्याप्रमाणे १९३८ च्या त्या पहिल्या कथेवरचा मालकी हक्क २०३३ च्या अखेरीस संपेल. १ जानेवारी २०३४ पासून सुपरमॅनची गोष्ट कोणासही रचता येईल. नाव आणि छातीवरचे चिन्ह यांवरचे व्यापारी हक्क राहतील ते निराळे. बॅटमॅनची पाळी त्यानंतर वर्षाने. मात्र जो मोकळा होईल तो फक्त त्या तेरा पानांतला सुपरमॅन. क्रिप्टोनाइट त्याला ठाऊक नाही. त्याला उडताही येत नाही. एका झेपेत मैलाचा आठवा भाग ओलांडतो, एवढेच.